सॅन मरीनोचा डबा

हसा लेको, हसा. एका दुपारी बघून संपतो एवढासा देश, तिथे मी दुसऱ्यांदा का चाललोय? डबा परत द्यायला!

गेल्या वर्षी एकटाच गेलो होतो, नेहमीसारखा. ज्यांच्या घरी खोली घेतली, त्या मावशींनी पहिल्याच दिवशी वाडगाभर सूप दिलं. आता रिकामा वाडगा परत कसा देणार? बॅगेत आईच्या चकल्या होत्या, त्या घालून दिला. संध्याकाळी त्याच वाडग्यात केक आला. मी चिवडा दिला, तर सकाळी चीज. मीही हटेना, त्याही हटेनात.

निघताना मावशी बसपर्यंत धावत आल्या आणि बिस्किटांनी भरलेला डबा माझ्या हातात कोंबला. फोनवर टाइप करून दाखवलं, "आता तुझी पाळी."

काय म्हणालास सम्या? कुरियर कर?

यार, अमेरिकेत, या ईडन प्रेरीत इतकी वर्षं आपण घरटी एकेक पदार्थ न्यायच्या पॉटलकला फेकून द्यायचे ट्रेच नेतोय. कोणाचा तरी डबा माझ्याकडे राहिलाय, असं इथे एकदाही झालेलं नाही.