किल्ल्यावरचा रोबो

आमच्या केबिन रोडच्या सोसायटीतले सावंत साठच्या दशकातली खेळणी जमवायचे. पत्र्याची रॉकेटं, अंतराळवीर, सगळं कपाटात बंद. त्यातला जपानी रोबो तर जीव की प्राण! स्वतः उचलतानाही हातात मोजे घालायचे.

दोन हजार सहाची दिवाळी. पोरांच्या किल्ल्यांना मार्क द्यायला सावंतच. ए विंगचा किल्ला बघायला वाकले ते वाकलेलेच राहिले. महादरवाजात, घोट्यापर्यंत चिखलात, त्यांचा रोबो पहारा देत होता. डोक्याला भगव्या कागदाचा फेटा.

"हे काढा आधी!" सावंत ओरडले. सगळे बघतायत म्हटल्यावर आवाज खाली आला. "म्हणजे, शिवकाळात रोबो कुठे होता?"

मागून सावंतवहिनी म्हणाल्या, "बी विंगच्या किल्ल्यावर हेलिकॉप्टर उतरलंय. त्याला आत्ताच नऊ मार्क दिलेत तुम्ही."

"अगं, पण हा आपल्या कपाटातला..."

"मीच दिला. मावळे कमी पडत होते. आणि बघा तरी, सकाळपासून सगळे त्यालाच बघायला येतायत."

सावंतांनी भोवतालची गर्दी पाहिली. मग मान ताठ करून म्हणाले, "दहापैकी दहा!"

टाळ्या पडल्यावर त्यांना आठवलं, की पहिला आलेला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडायचा नाही, हा सोसायटीचा नियम त्यांनीच केला होता.

मग काय! पोरं किल्ल्यावरच्या हळिवाला पाणी घालायला आली, की सावंत रोज मोजे घालून खाली यायचे आणि रोबोवर छत्री धरून उभे राहायचे.