मैदान मोकळं आहे

(तरसालीबाहेरचा एक मोकळा प्लॉट. फेब्रुवारी २००७, रविवार, सकाळचे सात.)

राजेश्वरी: आणि मी आधी विमानाची बॅटरी जोडली तर?

शरच्चंद्र: तर पंख्याला कुणाचं ऐकायचं ते कळणार नाही आणि तो तुझी बोटं कापेल. आधी रिमोट चालू, पॉवरची काठी पार खाली, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर उलट. आधी विमान बंद, मग रिमोट. म्हणून दाखव.

राजेश्वरी: अहो, मी तुमच्या रिफायनरीतली ट्रेनी नाहीये. लग्नाला चौतीस वर्षं झालेली बायको आहे.

शरच्चंद्र: फायर अँड सेफ्टीत अठ्ठावीस वर्षं काढलीत मी. नियमापुढे बायको-बियको काही नाही.

राजेश्वरी: मग एवढे नियम पाळून मागच्या रविवारी ते कडुलिंबात कसं घुसलं?

शरच्चंद्र: वारा होता.

राजेश्वरी: माझा पदर हलत नव्हता.

शरच्चंद्र: वरचा वारा वेगळा असतो.

राजेश्वरी: आणि त्याच्या आधीच्या रविवारी?

शरच्चंद्र: मूळ विमानातच खोड आहे. डावीकडे ओढतं.

राजेश्वरी: लेकीनं अमेरिकेतून रिटायरमेंटची भेट पाठवली, आता तिच्यावर ढकला. पंख मी जोडलाय, म्हणून आज पहिली पाळी माझी. ते झटपट चिकटणारं लावलं असतंत ना, तर थर्माकोल विरघळून गेलं असतं. मी आधी तुकड्यावर लावून बघितलं. मग सुताराचा पांढरा गोंद आणला आणि वजनाला कापडाची कात्री ठेवली.

शरच्चंद्र: जोड चांगला झालाय. ते मान्य.

राजेश्वरी: लिहून द्या तसं.

शरच्चंद्र: हे धर विमान. मी रिमोट घेऊन तीस पावलं लांब जातो, एरियल मिटवून. तरी सिग्नल पोचला तर वर चिंता नाही. शेपटी हलली की हात वर कर.

राजेश्वरी: हलली! डावीकडे! आता उजवीकडे! अहो, आता वर-खाली पण!

शरच्चंद्र: ओरडायचं नव्हतं, हात वर करायचा होता.

राजेश्वरी: एका हातात विमान, दुसऱ्या हातात पदर. तिसरा हात अजून फुटलेला नाही मला.

शरच्चंद्र: बरं, एरियल उघडलंय, घे रिमोट. तीन गोष्टी. माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. रस्त्याच्या बाजूला न्यायचं नाही. आणि सूर्यासमोर तर मुळीच नाही, डोळे दिपतात. तू नजर फक्त विमानावर ठेव, मैदान मी बघतो. कुणी आलं तर मी सांगेन.

राजेश्वरी: पक्कं?

शरच्चंद्र: अगं, अठ्ठावीस वर्षं दुसरं काय केलं मी? चल, विमान मी हातातून सोडतो, तू पॉवर दे. अजून. पूर्ण दे. वाऱ्याकडे तोंड आहे... एक, दोन, आणि हे गेलं!

राजेश्वरी: अय्या! चाललं! अहो, चाललं वर!

शरच्चंद्र: काठी ओढून धरू नकोस! नाक फार वर गेलं तर खाली बसेल ते. सोड, सोड.

राजेश्वरी: सोडली. हे काय... आपलं आपण सरळ झालं!

शरच्चंद्र: शिकाऊ विमान आहे ते. गोंधळलीस की बोट काढायचं, ते स्वतःला सावरतं. अजून उंच ने. एक चूक सावरता आली पाहिजे आणि वर आणखी एक करता आली पाहिजे, एवढं उंच.

राजेश्वरी: आता वळवते हं. वळलं... फार वळलं, फार वळलं!

शरच्चंद्र: दाबून धरू नकोस. जरा टोच आणि सोड.

राजेश्वरी: अस्सं! क्लासमध्ये नव्या मुली मशीनचं पेडल असंच दाबून धरायच्या आणि शिलाई कुठल्या कुठे जायची. बावीस वर्षं ओरडले मी त्यांच्यावर. आता बघा माझं.

शरच्चंद्र: हं. बरं आहे.

राजेश्वरी: बरं?

शरच्चंद्र: छान आहे. पण आता तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होईल.

राजेश्वरी: अगंबाई! मी उजवीकडे म्हटलं, आणि ते...

शरच्चंद्र: घाबरू नकोस. कुठला पंख खाली झुकलाय? काठी त्याच बाजूला. पडत्या पंखाखाली टेकू लावल्यासारखी.

राजेश्वरी: टेकू... लावला. झालं सरळ! अहो, बघितलंत?

शरच्चंद्र: बघितलं.

राजेश्वरी: किती सुंदर दिसतंय. पंखाच्या खालचा तो लाल पट्टा कसा चमकतोय बघा.

शरच्चंद्र: हो ना. तू नजर काढू नकोस त्याच्यावरून. सात मिनिटं होत आली. बॅटरी दमायच्या आत उतरव. पॉवर कमी कर, वाऱ्याकडे तोंड ठेव आणि नुसतं येऊ दे.

राजेश्वरी: मैदान मोकळं आहे?

शरच्चंद्र: मोकळं आहे.

राजेश्वरी: नक्की?

शरच्चंद्र: एकदम मोकळं. पॉवर बंद कर आता. येऊ दे, येऊ दे...

राजेश्वरी: अहो, माणूस! डावीकडून माणूस येतोय!

शरच्चंद्र: कुठाय?

राजेश्वरी: बाजूला व्हा! ओ काका, खाली वाका! मी काटेरी झुडपात घालते हे!

शरच्चंद्र: अगं, काटेरीत कशाला? कोण आलंय?

राजेश्वरी: गेलं. पार आत गेलं.

बळवंतराव: अरे बाप रे! कानटोपीवरून गेलं की हो! शरदभाई, हे काय, सकाळ सकाळ लढाई?

शरच्चंद्र: बळवंतराव? तुम्ही कुठून आलात?

बळवंतराव: कुठून म्हणजे? तो समोर माझा बंगला. रोज याच टायमाला चालायला निघतो. दोनदा हात केला तुम्हाला. तुम्ही तर सरळ माझ्याकडेच बघत होता.

राजेश्वरी: तुमच्याकडे बघत होते?

बळवंतराव: तर! मला वाटलं, शरदभाईंनी बघितलं म्हणजे थांबवतील. म्हणून बिनधास्त आलो मी.

राजेश्वरी: लागलं नाही ना कुठे?

बळवंतराव: काही नाही, वहिनी. पण तुम्ही भारी वळवलंत हं ते. मी असतो तर रिमोट टाकून पळालो असतो. चालो, चक्कर पुरी करून येतो. चहाला या नंतर.

राजेश्वरी: येतो. आणि... माफ करा हं.

शरच्चंद्र: पंखा तुटला, नाकाला चीर गेली. पण तू पॉवर आधी बंद केली होतीस, त्यामुळे मोटार वाचली. शाबास. मी काढतो काट्यांतून, तू थांब.

राजेश्वरी: विमान राहू द्या. इकडे बघा. उजवा डोळा झाका.

शरच्चंद्र: काय पोरखेळ आहे?

राजेश्वरी: झाका म्हणते ना. किती बोटं?

शरच्चंद्र: तीन.

राजेश्वरी: मी हात वर केलेलाच नाही.

शरच्चंद्र: बरं, नाही दिसत डाव्यानं नीट.

राजेश्वरी: कधीपासून?

शरच्चंद्र: दिवाळीपासून. पूर्ण नाही गेलेला. धुक्यासारखं दिसतं. अलकापुरीत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आलोय मी. मोतीबिंदू आहे, पिकलाय. ऑपरेशन करा म्हणाले.

राजेश्वरी: आणि दिवाळीपासून तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून मकरपुऱ्याच्या ट्रकांमधून नेताय?

शरच्चंद्र: उजव्यानं भागतं गं.

राजेश्वरी: बळवंतराव डावीकडून आले ना!

शरच्चंद्र: ...हो.

राजेश्वरी: ते लाकडी बॅटसारखं जड असतं नि मी वळवलं नसतं तर? तोंडावर गेलं असतं त्यांच्या. पंख्यासकट. हे तुम्ही दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतंत, तर त्याला गेटबाहेर काढलं असतंत.

शरच्चंद्र: मेमो दिला असता आधी.

राजेश्वरी: हसवू नका. का नाही सांगितलंत?

शरच्चंद्र: भीती वाटते.

राजेश्वरी: कसली?

शरच्चंद्र: ऑपरेशनची, आणखी कसली! टेबलावर पडायचं, डोळा उघडा ठेवायचा, आणि कुणीतरी समोरून हत्यार घेऊन येणार. ते येताना दिसणार आपल्याला!

राजेश्वरी: अहो, रिफायनरीत टाकी पेटली होती तेव्हा सगळ्यांच्या पुढे पाइप घेऊन तुम्ही गेला होतात. पेपरात फोटो आला होता तुमचा.

शरच्चंद्र: आग अंगावर आली तर मागे सरकता येतं. तिथे हलायचं नाही म्हणतात.

राजेश्वरी: हसू नये म्हणून ओठ चावतेय मी.

शरच्चंद्र: हस, हस. माणूस घाबरलाय आणि बायको हसतेय.

राजेश्वरी: इतकी वर्षं तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही म्हणून मी एकटीच घाबरत होते. आज जरा बरं वाटलं, म्हणून हसले. डॉक्टरांनी तारीख दिलीय?

शरच्चंद्र: देत होते. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

राजेश्वरी: विचारा मग.

शरच्चंद्र: ...करू का?

राजेश्वरी: करा. उद्या सकाळी दोघं जाऊन तारीख घेऊ. आत येऊ देत नसतील, तर दाराशी बसेन. तुम्ही हललात तर बाहेरून ओरडेन.

शरच्चंद्र: ते मात्र तुला जमेल. आणि हे विमान?

राजेश्वरी: डब्यात पंखा आहे अजून एक. नाक मी चिकटवते. पण तुमची पट्टी निघेपर्यंत कुणीच उडवायचं नाही, मी पण नाही.

शरच्चंद्र: तू का नाही? चांगली उडवतेस. खरंच. लांब गेलं की मला धूसर दिसत होतं, पण आवाजावरून कळत होतं. कुठे अडखळली नाही मोटार.

राजेश्वरी: मैदान बघायला माणूस नको का मला?

शरच्चंद्र: हं. हे निघालं विमान. आता ते काटे काढ जरा, माझ्या बाहीत गेलेत. स्कूटरचं काय करायचं?

राजेश्वरी: बळवंतरावांच्या फाटकात लावू. चहा घेऊ आणि चालत जाऊ घरी.

शरच्चंद्र: दीड किलोमीटर आहे.

राजेश्वरी: असू दे. विमान माझ्याकडे द्या. आणि असे नाही, इकडून या. तुमच्या डाव्या बाजूला मी चालते.