अक्षयला वाचून दाखवायचं पुस्तक

त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना पुष्कळांना विषबाधा झाली होती. नेरच्या बसस्टँडवर अनघा यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर त्याच गाडीसाठी थांबलेल्या एक सासू-सून वाचनालयातून आणलेली तीन नवीकोरी पुस्तकं चाळत होत्या.

"हे कायचं आहे वं, सुरभी?"

"धंद्याचं, आई. दुकान कसं चालवाचं ते."

"आपलं कुठं दुकान आहे? अन् हे?"

"सुरक्षेचं."

"मंग हेच घे. फवारताना तोंडाले काय बांधाचं, ते असन त्याच्यात. आपल्या अक्षयले आधीच भेटलं असतं त त्याच्या डोळ्यात औषध गेलं नसतं."

"नाही आई. कम्प्युटरातली माहिती चोरतेत, त्याचं आहे."

"आन् हे झाडाझुडपाचं?"

"वनस्पतिशास्त्र. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते म्हनते."

"अळीचं काय लिवलं?"

"काहीच नाही."

"मंग देवाचं वाच त्याले."

"तेच म्हनले, देवाचं आणू नको."

"काहून?"

"सांगतलं नाही."

"राहू दे. डोळ्यावरची पट्टी काढली का तो सोताच वाचन."

"पट्टी मंगळवारीच काढली दवाखान्यात, आई."

"मंग?"

"तवापासूनच म्हनून राह्यले, तू वाचून दाखव."

गाडी लागली. अनघा पिशवी घेऊन उठली, पण सासू जागची हलली नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "मले समजलं नाही."