उंदराचं औषध

मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर लेकीला घेऊन आलेली एक मावशी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीशी बोलत होती.

“काय शिकतीस गं?”

“फार्मसी, मावशी. आमच्यात उंदरांना औषध देतो.”

“बरं करता. आमच्या घरात बी लय झाल्यात.”

“मारायचं न्हवं, फिटवरचं. आधी औषध द्यायचं, मग फिट आणायची आणि औषधानं थांबती का बघायचं.”

“मुद्दाम आणता?”

“त्याशिवाय कळत न्हाय की. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी.”

“पाणी दिलेल्यास्नी फिट आली की काय हुंगवता? कांदा?”

“काय न्हाय. किती वेळ चालती ते बघतो.”

“मग डोस्कं कोण धरतं?”

“कोण न्हाय, मावशी.”

“आमच्या क्रांतीचं मी धरायची. आता गोळी चालू झाल्यापासनं फिटच आली न्हाय.”

“ती गोळी बी आधी उंदरांनाच दिलेली असणार.”

“व्हय?”

“व्हय.”

“क्रांती, पप्पास्नी फोन लाव. जयसिंगपुरातनं येताना उंदराचं औषध आणतो म्हणालेत.”

“मग?”

“आज ऱ्हाऊ दे म्हणावं.”