सोबत कोण आलंय?

(तुमसर. दंत महाविद्यालयाचं मुखतपासणी शिबिर, शाळेच्या खोलीत. दाराबाहेर बीडीएसला शिकणारी रश्मी आणि तिचे वडील.)

टेकचंद : म्हणजे आतमंदी गेल्यावर मी तुझा बाप नाही?

रश्मी : तेवढं म्हणू नोका, बाबा. मॅडम संशोधनाच्या अभ्यासात घरचे लोक घेत नाही.

टेकचंद : दुसरा कोणी गाइड नाही भेटत का तुले?

रश्मी : साऱ्याइले विचारून झालं. एक सर म्हणते, आधी पास तं हो. दुसरे म्हणते, खाणवाल्याइच्या तोंडात पाहाले कोण जाईन? ह्या मॅडमच म्हणल्या, तोंड पुरं न उघडणारा एक खाणवाला आणून दाखव, मंग पाहू.

टेकचंद : चाल मंग. भाताचा घासबी जात नाही आता, तुह्या तरी कामात येईन.

मॅडम : (आतून) कोण, रश्मी? ये. हे कुठले?

रश्मी : चिखल्याचे, मॅडम. मॅंगनीजच्या खाणीत होते.

मॅडम : बसा काका. तोंड उघडा. अजून. अहो, अजून!

टेकचंद : एवढंच उघडते जी.

मॅडम : खर्रा? तंबाखू-सुपारी घोटलेला?

टेकचंद : हो जी. खाली अंधारात जीव घाबरे, तं तोंडात काही तरी लागे.

मॅडम : कारणं सगळ्यांकडे असतात. रश्मी, हातमोजे घाल. गाल ताणून दाखव मला.

रश्मी : काका... उघडा.

टेकचंद : आं... आं...

रश्मी : मॅडम, त्यांना दुखतंय.

मॅडम : दुखणारच. एवढी कीव येत असेल तर संशोधन विसर. ताण. काय दिसतं?

रश्मी : गाल आतून पांढरा, कडक झालाय. आणि... मागे जखम आहे. कडा टणक लागतात.

मॅडम : कधीपासून, काका?

टेकचंद : पोळ्याच्या आधीपासून जी. घरी नाही सांगतलं.

मॅडम : तुकडा काढून तपासावा लागेल. लक्षण बरं नाही. सोबत कोण आलंय? घरच्या माणसाशी बोलायला हवं.

टेकचंद : कोणी नाही जी. एकटाच आलो.

मॅडम : बघ रश्मी, ही घरं अशी असतात. बापाचं तोंड सडलं तरी कुणाला पत्ता नाही. अभ्यासात हे आलं पाहिजे.

रश्मी : मॅडम, हे माझे...

टेकचंद : पोरगी आहे जी मले. शिकून राहिली. तिले टाइम नाही भेटत.

मॅडम : तू काय म्हणत होतीस?

रश्मी : मॅडम...

मॅडम : लवकर बोल, बाहेर रांग आहे. केस चांगली आणलीस. मी होते तुझी गाइड. अजून काही?

रश्मी : नाही, मॅडम. थँक यू.

मॅडम : मग पुढचा पेशंट घे.

रश्मी : उठा, काका.