मेल विद्यापीठाचा हाय

हॅलो? … हॅलो, कोण… हां, सिंधु. बोल. … झाली गं पूजा, आत्ताच उठले. … न्हाई, रागावले न्हाई. माझा आवाज असाच हाय, लहानपणापासून ऐकतीस तू.

… हो, हो… अगं ऐक ना. आधी मला एवढं सांग, तुझ्या पुतण्यानं ती साखरपुड्याची पत्रिका कुठून पाठवली? … विद्यापीठाच्या मेलवरून. हाव. आणि कुणाकुणाला? … जवळच्या मित्रांना? सिंधु, साऱ्या विद्यापीठाला गेली ती. साऱ्या. … मला कसं कळलं म्हणजे? आमच्या खालच्या भाडेकऱ्यांची दिपाली न्हाई का, नांदेडला होस्टेलवर असते… तिला आली. तिनं सकाळीच आमच्या शिवकन्येला फोन केला. म्हणे, ‘ताई, अभिनंदन! आमच्या अख्ख्या मेसला बोलावलंय तुम्ही.’

… चुकून. हाव, चुकूनच. मित्रांचा गट समजून सगळ्या विद्यार्थ्यांचा पत्ता टाकला. आणि ती पोरं काय गप बसतात? पत्रिकेखालीच उत्तरं देऊन राहिलीत. किनवटच्या एकानं विचारलंय, नांदेडहून गाडी सोडणार का? दुसरा म्हणतो, जेवणात काय हाय? एका पोरीनं लिहिलंय, ‘सर, हॉल तिकीट कधी मिळेल?’ … हसू नको, सिंधु. माझ्या पोरीचा फोटो हाय त्यात. ती शाळेत शिकवते, तिचे जुने विद्यार्थीसुद्धा असतील त्या घोळक्यात.

… हाव, सूचनाबी निघाली म्हणे. ‘अधिकृत मेल फक्त शैक्षणिक कामासाठी वापरावा.’ नवरीचा आहेर मिळायच्या आधी नवरदेवाला विद्यापीठाचा मिळाला.

… ते सोड गं. फोटो, पोरांची चेष्टा, सगळं पोटात घातलं असतं मी. तू पत्रिकेच्या खाली बघितलंस का? … ‘आपले विनीत’ न्हाई, त्याच्याही खाली. त्या मेलला एक ओळ आपोआप लागते. पाठवणारा काही लिहो न लिहो. … उघड की मग. बघ. … दिसली? वाच. … मोठ्यानं वाच. … हाव. ‘विद्यार्थी.’ पुढं? … ‘एम. ए. प्रथम वर्ष, पुनर्प्रवेशित.’

… पुनर्प्रवेशित म्हणजे काय, हे मला विचारतीस? म्हणजे सोडून गेलेला परत येऊन बसलाय. तिसाव्या वर्षी, पहिल्याच वर्गात.

… खोटं कुठं बोललाय? हे मात्र खरं हो. अगदी खरं. खोटं बोलायला जरा तरी छाती लागते. त्यानं बायोडाटात नोकरीच्या जागी काय लिहिलं? मेलचा पत्ता. नुसता पत्ता. आणि आपण काय वाचलं? मुलगा विद्यापीठात हाय. तूच माझ्या ओट्याला टेकून, चुरमुऱ्याचा सुशिला खाता खाता म्हणालीस, ‘मंजुअक्का, पोराचा मेलच विद्यापीठाचा हाय! असा तसा माणूस असता तर मिळाला असता का?’ … म्हणालीस. … तुलाबी ठाऊक नव्हतं? … नको, शपथ नको घेऊ. ठेवला विश्वास.

आम्ही तरी कुठं शहाणे? ह्यांनी दुकानात बसून साऱ्या मोंढा बाजाराला सांगितलं, जावई विद्यापीठात. आता कळतंय, दिपालीलाबी तसलाच मेल हाय. प्रवेश घेतला की मिळतो. तिला तर तो आत्ता आल्या आल्या मिळाला, मग तीबी विद्यापीठात नोकरीला लागली म्हणायचं का?

… मग काय म्हणू त्याला? न्हाई, शिवी देणार न्हाई. सोळा सोमवार धरलेत, तोंडातून वाईट शब्द काढायचा न्हाई. म्हणून ‘हुशार’ म्हणते. लई हुशार. बघायला आला तेव्हा ह्यांनी सरळ विचारलं होतं, विद्यापीठात काय करता? तर कशी मान खाली घालून म्हणाला, ‘सध्या बरंच काम असतं.’ आणि मी वेडी, मला वाटलं, काय संस्कारी हाय पोरगं! अजून चारदा चहा दिला असता.

… अगं विद्यार्थी असण्याचं काही न्हाई. शिकावं की. शिवकन्या कमावून राहिली, चार दिवस तिनं घर चालवलं असतं. तिला कुठं जड जातं? … पण सांगावं तर लागतं ना बाई. आपण कोण हे दुसऱ्याच्या दाराच्या पाटीमागं लपवायचं, आणि ती पाटीबी विद्यापीठाची!

… हो. … हाव, ते खरं बोललीस. लोक बोलतील. पत्रिका गेली, फोटो गेला, आता मोडलं तर त्याला कोण विचारतंय, पोरीलाच नावं ठेवतील. सकाळपासून तेच डोक्यात घोळून राहिलंय. हे तर आज दुकान उघडायला गेलेच न्हाईत. … शिवकन्या ना? ही काय, समोर बसलीय. पेपर तपासून राहिली. थांब, तिलाच विचारते.

शिवे, मावशी म्हणते, सोमवारच्या साखरपुड्याचं काय करायचं? … हं. … हं.

ऐकलंस का, सिंधु? ती म्हणते, त्यानं स्वतःच्या तोंडानं एकदा सांगावं, मी विद्यार्थी हाय. तेवढं बोलला तर सोमवारी साखरपुडा होईल. … हाव, तिनंच म्हटलं. माझ्यापेक्षा मऊ निघाली पोरगी. … पुतण्या तुझ्याचकडं बसलाय? अगोबाई, मग इतका वेळ तुला पुढं करून राहिला का? दे. दे त्याला.

… हां, नमस्कार. … घाबरू नका, मी कुणावर ओरडत न्हाई. एकच विचारते. तुम्ही काय करता? … ते ऐकलं मागं, बरंच काम असतं. करता काय? … सिस्टीमची चूक. बरं. … ओळ तुम्ही लिहिली न्हाई, विद्यापीठ लावतं. समजलं. पण ओळ खरी हाय का खोटी? …

… हॅलो? … हाय मी, ऐकून राहिले. शिवकन्याबी ऐकते, फोनचा आवाज मोठा केलाय. तिनं पेन बाजूला ठेवलंय. बोला. …

… काय? परत सांगा. … ओळ काढता येते? … सेटिंगमध्ये जाऊन. … आणि ओळ काढून पत्रिका साऱ्यांना परत पाठवता. …

… सिंधुला द्या फोन.

… सिंधु. तूबी ऐकलंस ना? … न्हाई. सोमवारी न्हाई. … पुढच्या सोमवारीबी न्हाई. … तिला कशाला विचारू आता? ती पेपर गोळा करून आत गेली. … लोकांना मी सांगेन, मोंढ्यात हे सांगतील. आमच्या तोंडानं सांगू. … तुझ्यावर राग न्हाई गं. तू ये. बहीण हायस माझी, कवाबी ये.

एकटी ये. ठेवते.