डाव्या हाताचा पीळ

नाही नाही, बंद नका करू ताई, चालूच राहू द्या. बंद गाडीला विचारून ती काय सांगणार? तुम्ही त्या स्टुलावर बसा — ते नको, त्याला ग्रीस लागलंय — हां, ते. आता बघा, उभ्या उभ्या कशी थरथरतेय, हुडहुडी भरल्यासारखी, आणि तुम्ही म्हणताय रस्त्यावर काढली, वेग घेतला की शहाण्यासारखी चालते. चालणारच. चार सिलिंडर आहेत हिला, एकानं अंग काढून घेतलं तरी उरलेले तिघं ओढून नेतात, पळताना कुणाला पत्ता लागत नाही. उभं राहिलं की कळतं कामचुकार कोण ते. थांबा, दाखवतो. ही पहिल्या प्लगची वायर काढली — ऐकलंत? इंजिन लगेच बसलं, आवाज उतरला. म्हणजे हा बिचारा काम करत होता. लावली परत. दुसऱ्याची काढली — बसलं. हाही प्रामाणिक. आता तिसरा... काही फरक पडला? काहीच नाही. म्हणजे हे साहेब नुसते बसून खातायत.

प्लग नवा घातलाय म्हणता? हो, दिसतोय की, नवाकोरा. वायरही नवी. आणि तरी तसंच? तसंच राहणार, प्लगचा काय दोष त्यात? नाचता येईना अंगण वाकडं. कुणी केलं हे काम — राहू द्या, नका सांगू, मला नावाशी काय करायचंय. वडिलांची गाडी आहे ना तुमच्या? मग जपा, अशा माणसांच्या हाती देऊ नका. ज्यानं केलं तो वाकायचा कंटाळा करणारा आहे, एवढं मी इथं बसून सांगतो. वरून बघायचं, वरून बदलायचं, हात झटकून मोकळं व्हायचं. माझ्या हाताखाली असता तर दोन दिवसांत सरळ केला असता.

ही रबरी नळी बघून हसू नका. आमच्या वडिलांची आहे. एक टोक कानात, दुसरं इंजिनवर फिरवायचं, हवा कुठून चोरून आत शिरतेय ते स्वच्छ ऐकू येतं. डोळे फसतात, कान फसत नाहीत, असं म्हणायचे वडील. धाकट्याला हे कधी जमलं नाही — धाकटा म्हणजे माझा भाऊ, आम्ही दोघं मिळून चालवायचो हे गॅरेज — त्याला लाज वाटायची, नळी कानात घालून गाडीखाली डोकं घालायची. जरा बोलू नका आता. — हं. — हं, इथं. सापडलं. ब्रेककडं जाणारी ही जाड नळी आहे ना, इंजिन हिच्यातून हवा ओढतं, तिला खालच्या बाजूनं, वळणावर चीर गेलीय. नेमकी तिसऱ्याच्या शेजारी. फुकटची हवा आत जाते, तिच्यापुढं पेट्रोल कमी पडतं, तिसरा पेटतच नाही. वेगात असताना एवढ्याशा हवेनं काही बिघडत नाही, उभी राहिली की बोंब. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. वरून ही चीर दिसणं शक्यच नाही, आणि गंमत बघा, नळीच्या या टोकाला गड्यानं हात लावलाय, क्लिपच्या जागी तांब्याची तार बांधलीय, दोन वेढे घेऊन पीळ...

बंद करा. गाडी बंद करा ताई, किल्ली फिरवा.

ही तार कुणी बांधली? मघाशी नाव नको म्हटलं, आता सांगा. नाव माहीत नाही? बरं, कुठं बांधली? पुलापलीकडं, बर्फाच्या कारखान्यामागं — छोटंसं गॅरेज आहे? कधी? हो, अलीकडचीच असणार, तार अजून चकचकते आहे, काळी पडलेली नाही. उंच आहे का? भुवईवर व्रण? — नाही, काही नाही. ओळखीचा वाटला. — छे, घाम कसला, इथं गरमच असतं.

इकडं या, बघा जरा. उजव्या हाताच्या माणसानं तार पिळली की पीळ असा पडतो, या बाजूला. हा उलटा आहे. आणि आज क्लिपा सोडून तार बांधतो कोण? आमचे वडील बांधायचे, त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. हे टोक बघा, आत दुमडलंय, पुसताना बोटाला टोचू नये म्हणून — हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊकच नाही. आणि आमच्या घरात डावरा एकच. डावऱ्याच म्हणायचो त्याला लहानपणी.

त्याचा डावा हात थरथरतो, ताई. म्हणजे — थरथरतो असं सांगून तो इथून गेला. इथंच, तुम्ही बसलात तिथं उभा होता. पाना हातातून पडला, उचलला, परत पडला. दादा, म्हणाला, माझ्याच्यानं नाही होत आता. डोळ्यांत पाणी. भाऊ आहे माझा, पाना मीच उचलून ठेवला. म्हटलं, बस घरी, मी आहे ना, तुझ्या वाटचंही मीच करीन. आणि करतोय की. ही कंबर बघा, सरळ होत नाही. लेकीला बाळ झालं, ती म्हणते बाबा आता पुरे, कुलूप लावा गॅरेजला आणि तुम्ही नि आई दोघं या माझ्याकडं, खोली रिकामी ठेवलीय तुमच्यासाठी. नाही गेलो. नातवाला फोटोतच बघितलंय अजून. का? तर डावऱ्याला असा अपंग टाकून जायचं कसं? त्याचं बिचाऱ्याचं कोण आहे? आणि तो बिचारा रोज सकाळी हाताच्या व्यायामाला जातो म्हणून निघतो, आणि पुलापलीकडं तारा पिळत बसतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. तार तरी सैल असायची होती. बघा, हलवून बघा, नखभर हलत नाही. थरथरत्या हातानं अशी तार बांधून दाखवावी कुणी.

काय म्हणालात? शीळ घालतो? काम करताना? — आमचा नसेल मग. आमचा इथं कधी तोंड उघडायचा नाही. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही, खालमानेनं आपलं काम. शीळ घातली असती तर मी — म्हणजे कामाच्या जागी काम, शीळ कशाला? मी काय त्याला वाईट बोलायचो का? चुकलं तर चुकलं म्हणायचं नाही? मोठा आहे मी. एकदा गिऱ्हाइकासमोर पाना फेकला असेल, तोही अंगावर नाही, पायाजवळ. ते काय मनात धरायचं असतं? सरळ तोंडावर सांगायचं, दादा, मला तुझ्यासोबत नाही जमत. आकाशपाताळ एक केलं असतं मी, हो, केलं असतं. पण एवढं नाटक? रोज जेवताना समोरासमोर बसून?

आणि माझ्याकडं यायचं तुम्हाला कुणी सुचवलं? — त्यानंच? काय म्हणाला, नीट सांगा. "हे ऐकायला गावात एकच माणूस आहे, पण माझ्याकडं आला होतात हे बोलू नका." असं म्हणाला. म्हणजे त्याला कान माझा पाहिजे, मी नको.

बसा, नळी जोडतो. चिरलेला तुकडा काढून टाकू, नवा घालू, वर्षानुवर्षं बघायला नको. — घरी काय सांगू मी आता? बायकोला तर धक्काच बसेल. ती त्याचं सगळं करते, चहाचा कपसुद्धा अर्धाच भरून देते, हात हलला तर अंगावर सांडू नये म्हणून. अर्धाच कप. नेहमी. आज सकाळीसुद्धा तिनं — नाही. आज भरलेला होता. काठोकाठ. तिनं दिला, त्यानं घेतला, थेंब नाही सांडला, आणि दोघंही माझ्याकडं बघत नव्हते. मी आपला पेपर वाचत होतो. काल? कालही भरलेलाच. अरे, कधीपासून भरतेय ही कप?

काही नाही. काही नाही झालं ताई. पकड द्या ती. ती नाही, लाल मुठीची.

करा चालू. — ऐका. कसं, झोपलेल्या मांजरासारखं घुमतंय की नाही? तिसऱ्याची वायर काढतो — बसलं. आला कामावर. त्याची तार तशीच ठेवलीय, तिला काही झालेलं नाही. त्याच्या शेजारी जोडावर मीही तारच बांधलीय. क्लिपा आहेत माझ्याकडं, डबाभर आहेत, पण तारच बांधली. त्याचा पीळ तिकडं, माझा इकडं.

तो विचारेल तुम्हाला, विचारल्याशिवाय राहणार नाही. तर सांगा, दादाला काही सापडलं नाही. हो, असंच सांगा. दादानं खूप शोधलं, त्याला काही सापडलं नाही. बॉनेट उघडेल तो. उघडू दे.

नको, पाकीट आत ठेवा. नको म्हटलं ना. निघा आता, जाताना तेवढं शटर खाली ओढा. अर्धं नको. पूर्ण.